गळाची काठी घेऊन साताऱ्याहून सांगलीला

पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या माणसाकडे लोक दोनच नजरांनी बघतात. एक, याला काहीतरी मोठा आजार झालेला असावा. दोन, याला कामावरून काढलेलं असावं. मी सरकारच्या कालव्यांच्या कामावर अठ्ठावीस वर्षं ओव्हरसियर होतो. एके दिवशी फायलीवर सही करता करता माझ्या लक्षात आलं, की गेल्या दहा वर्षांत मी कालवा पाहिलाच नाही, फक्त त्याची कागदपत्रं पाहिली. मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि मिळाली. इतक्या लवकर मिळाली, की मला थोडं वाईटच वाटलं.

मग मी उघड्या हवेतले छंद लावून घेतले. पहाटे उठून अजिंक्यतारा चढायचा. खाली आल्यावर जुनी दुर्बीण घेऊन पक्षी बघायचे आणि वहीत त्यांची नोंद करायची. नाव ठाऊक नसेल तर 'एक करडा पक्षी' असं लिहायचं. माझ्या वहीत करड्या पक्ष्यांचे बरेच थवे आहेत. संध्याकाळी माहुलीला कृष्णेत गळ टाकून बसायचं. चार महिन्यांत माझ्या गळाला दोन खेकडे आणि कोणाचं तरी वाळत घातलेलं धोतर लागलं. धोतर मी परत केलं.

गळ टाकायला माझ्याबरोबर शेजारचे सुभेदार असत. फौजेतून पेन्शनीत आलेले, माझ्याच वयाचे. मिशा झुबकेदार, बोलणं निम्मं गावचं आणि निम्मं पलटणीतलं. एका संध्याकाळी ते नदीकडे बघत म्हणाले, "गड्या, ही नदी हितनं खाली सांगलीला जाती. आपन का न्हाई जायाचं?" मासा गळाला लागत नसला, की माणसाला असे विचार सुचतात. सायकलीवरून, काठाकाठानं, चार-पाच दिवसांत सांगली, असा बेत तिथंच ठरला.

घरी सांगितलं तेव्हा सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "जा की." तिचं 'जा की' इतकं सरळ कधी नसतं, म्हणून मी थांबलो. ती पुढं म्हणाली, "वसंतानं तुमच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. कारखान्यात, उसाच्या वजनकाट्यावर. खुर्ची, पंखा, सावली. सोमवारपासून या म्हणतोय." वसंतराव हे माझे मेहुणे. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात आहेत आणि रिकामा माणूस त्यांना बघवत नाही.

"मला नोकरी नको आहे," मी म्हटलं.

"मग पैज," सुमन म्हणाली. "मी शनिवारी एसटीनं वसंताकडे जाते. रविवारी दुपारी बाराच्या आत तुम्ही सगळा रस्ता सायकलीवरून येऊन सांगलीचा पूल ओलांडलात, तर तुमचे छंद तुम्हाला लखलाभ. पुन्हा कामाचं नाव काढणार नाही. नाही ओलांडलात, तर सोमवारी निमूट कामावर जायचं."

माझं पुढचं सगळं आयुष्य असं दोन चाकांवर येऊन बसलं. मी हो म्हटलं. घरात जिंकायची संधी क्वचितच मिळते.

साताऱ्याहून कराडपर्यंत

बुधवारी सकाळी निघालो. दोघांच्या अंगात खाकी अर्ध्या चड्ड्या, डोक्याला टोप्या, मागं कॅरिअरला वळकट्या. माझ्या गळ्यात दुर्बीण, खिशात वही. दांड्याला गळाची बांबूची काठी बांधलेली. ती संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसावी म्हणून मी घरातला उरलेला रंग काढून तिला लाल आणि पांढरे पट्टे मारले होते. तेव्हा माझ्या कलाकुसरीचा मला फार अभिमान वाटला. तिनं पुढं काय घोटाळा केला ते येईलच.

माघाच्या सुरुवातीचे दिवस. हवा गार, दोन्ही बाजूंना ऊस, आणि दर मैल-दोन मैलांवर गुऱ्हाळ. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगतो, इथं गुऱ्हाळावरून सरळ निघून जाणं हे भांडण उकरून काढण्यासारखं आहे. कोणीतरी हात वर करून हाक मारतंच, "आवं पाव्हनं, रस न घेता निगालासा व्हय?" आमच्या आळीत पाहुण्याला आधी "चहा घेणार का?" असं विचारतात आणि त्यानं नाही म्हणावं याची व्यवस्था त्या विचारण्यातच असते. इथं विचारतच नाहीत. तांब्या हातात येतो. तो रिकामा केला की दुसरा येतो, आणि निघताना पानावर गरम गुळाचा गोळा. रहिमतपूरला पोचेपर्यंत माझ्या पोटात इतका रस झाला होता, की खड्ड्यातून सायकल गेली तर आतून आवाज येई.

सुभेदार मात्र ताठ. "फौजेत रसद मिळाली की नको म्हनायचं न्हाई," हे त्यांचं तत्त्व. रहिमतपूरच्या देवळात रात्री त्यांना तीन वेळा उठावं लागलं, हेही फौजेतच शिकले असावेत.

गुरुवारी मसूरवरून कराड गाठलं. संगमावर तासभर बसलो. एकीकडून कृष्णा येते, दुसरीकडून कोयना, आणि दोघी समोरासमोर येऊन भिडतात. इतर नद्या एकमेकींना तिरक्या मिळतात. या दोघी मात्र दोन सख्ख्या बहिणी लग्नघरात भेटाव्यात तशा थेट गळ्यात पडतात. मी गळ टाकला. सुभेदारांनी टाकला. त्यांना वीतभर मासा मिळाला, मला शेवाळ. खानावळीत वांग्याचं भरीत आणि भाकरी अशी होती, की मी साताऱ्याचं नाव थोडा वेळ काढलं नाही. कृष्णाकाठच्या वांग्यापुढं साताऱ्याच्या माणसानं गप्प बसावं हे बरं.

हिशेबानं आम्ही पुढं होतो. शुक्रवारचा मुक्काम इस्लामपूरच्या जवळपास, शनिवारी आष्टा, रविवारी सकाळी आरामात सांगली. मी मनातल्या मनात वसंतरावांचा पडलेला चेहरासुद्धा पाहून घेतला.

एक गाव

कराडच्या पुढं आम्ही हमरस्ता सोडून नदीकाठचा रस्ता धरला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात सगळ्यांचीच थोडीथोडी फजिती आहे.

शुक्रवारी दुपारी त्या गावाच्या शिवारात मला बांधावर एक पक्षी दिसला. मी सायकल लावली, काठी सोडून जमिनीत रोवली म्हणजे दुर्बिणीचा हात तिच्यावर टेकवता येईल, आणि बघून वहीत लिहिलं, 'एक करडा पक्षी.' वर बघतो तो दहा-बारा माणसं धावत येत होती. पुढं फेटा बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ. त्यांना सगळे बापू म्हणत होते.

"आलासा एकदाचं!" बापू म्हणाले. "चार वरसं झाली आर्ज करून."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खाकी चड्डी, दुर्बीण, वही, आणि जमिनीत रोवलेली लाल-पांढरी काठी. ज्या मुलखात पाट आणि कालवे, तिथं असली काठी फक्त मोजणीवाल्याकडे असते. अठ्ठावीस वर्षं अशा काठ्या वापरणाऱ्या माणसानं आपल्या गळाला तोच रंग दिला! स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे कोणी माझ्याकडून शिकावं.

"अहो, ही गळाची काठी आहे," मी म्हटलं. "मी निवृत्त झालोय."

बापू हसले. "सायेब लोक आसंच म्हनत्यात. आदी बगून घेत्यात."

"हा बघा गळ," म्हणून मी दोरा आणि आकडा दाखवला. तो त्यांनी कौतुकानं हातात घेतला आणि एकमेकांना सांगितलं, की खोली मोजायला हे नवीन निघालेलं आहे. सुभेदारांकडे मदतीसाठी पाहिलं, तर ते एका खाटेवर बसून ताकाचा तांब्या तोंडाला लावत होते.

नाइलाजानं मी त्यांच्यामागून गेलो. गावानं एकत्र येऊन नदीवर इंजीन बसवलं होतं आणि पाट खणला होता. पाणी निम्म्या शिवारापर्यंत झकास जाई आणि मग थांबे, मागं तुंबून फुटे. पुढच्या अकरा तुकड्यांना थेंब नाही. त्या अकरांत सगळ्यात शेवटचा तुकडा आक्कांचा. साठीच्या पलीकडच्या, एकट्या, कमरेला खुरपं. त्यांच्या बांधावर एक जुनी लाकडी खुंटी होती आणि तिला शेळी बांधलेली होती.

"ही मागं एक सायेब आला व्हता त्यानं मारली," आक्का म्हणाल्या. "पानी हितवर यील म्हनला. पानी न्हाई आलं. पर खुटी चांगली हाय. शेरडी बांदायला बरी पडती."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. ती खुंटी माझी नव्हती, पण अशा किती खुंट्या मी मारल्या होत्या आणि लगेच जीपगाडीत बसून निघून गेलो होतो, ते मला त्या बांधावर आठवायला लागलं. शेळी माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

"गवंडी आहे का गावात?" मी विचारलं. "त्याची पाण्याची नळी आणा."

सुभेदार खाटेवरून उठून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गड्या, पैजंचं काय?"

"तासाभराचं काम आहे," मी म्हटलं.

शुक्रवारचा उरलेला दिवस गेला आणि अख्खा शनिवारही गेला. नळीत पाणी भरायचं, एक टोक सुभेदारांच्या हातात, एक माझ्या. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत येतं. तेवढ्यावर जमीन कुठं चढते, कुठं उतरते ते कळतं. मधे एका ठिकाणी पाट चांगला हातभर चढत होता. पाण्याला वर चढ म्हणून सांगण्याची ही गावकऱ्यांची युक्ती होती. का, तर सरळ रेषा सोडून वळसा घेतला असता तर बापूंच्या उसाच्या कडेच्या दोन सऱ्या जात होत्या. बापूंना दुखवायला नको म्हणून सगळ्या गावानं नदीला डोंगर चढायला लावलं होतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत गावानं निम्मा वळसा खणला. मीही खणला. हाताला फोड आले, चिखल कानापर्यंत गेला, आणि खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला चार महिन्यांच्या छंदांत एकदाही झाला नव्हता. राहिला तो बापूंच्या उसाजवळचा भाग. तिथं मी खुंट्या मारल्या. बापू फेटा सारखा करत म्हणाले, "ऊस तुटून जाऊ द्या. मग बगू."

ऊस महिन्याभरानं तुटणार होता. तोवर आक्कांचा हरभरा वाळून जाणार हे मला दिसत होतं, बापूंनाही दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सांगलीचा पूल होता. मी आक्कांना सांगितलं, की मी बघतो, काहीतरी करतो. हे वाक्य तोंडातून इतकं सराईतपणे निघालं, की माझं मलाच ओळखू आलं.

आक्कांनी माझ्या नव्या खुंटीकडे पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शेरडीची सोय झाली."

सांगली

रविवारी निघायला आठ वाजले, कारण पोहे खाल्ल्याशिवाय कोणी सोडेना. दोन मैलांवर माझं मागचं चाक बसलं. ते नीट करून निघालो तो सुभेदारांचं पुढचं. साडेदहा वाजले तरी आष्टा दूर. आपण हरलो हे उघड होतं.

तेवढ्यात मागून गुळाच्या ढेपा भरलेला एक ट्रक आला आणि थांबला. "सांगलीला निगालासा? टाका की सायकली वर."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित नको म्हणावं लागलं असतं. सायकली वर गेल्या, आम्ही ढेपांवर बसलो. सुभेदार थोड्या वेळानं म्हणाले, "ह्याला फौजेत हार म्हनत न्हाईत. ट्रान्सपोर्ट म्हनत्यात."

पुलाच्या अलीकडे सांगलवाडीला आम्ही उतरलो, टोप्या सारख्या केल्या आणि बाराला दहा मिनिटं असताना घंटी वाजवत मोठ्या रुबाबात पूल ओलांडला. पलीकडे सुमन आणि वसंतराव उभे होते. वसंतरावांचा चेहरा मी मनात पाहिला होता त्याहून जास्त पडला. त्यांनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला."

वसंतरावांच्या घरी जेवणं झाली, भडंगाच्या बश्या आल्या, आणि मग सुमननं सगळ्यांसमोर सांगितलं, "अहो, जरा मागं वळा बघू."

मी वळलो.

"सायकलीच्या सीटला हल्ली गूळ लावतात का?"

माझ्या चड्डीला मागून चिकटलेला गूळ, त्यावर गोणपाटाचे धागे आणि मुंग्यांची रांग. सुभेदारांनी भिंतीला पाठ टेकवून घेतली आणि भिंत सोडायला ते तयार होईनात. मी सगळं सांगून टाकलं. काठी, बापू, पाट, शेळीची खुंटी, ट्रक. सांगताना आधी सगळे हसत होते, मग आक्कांचं ऐकून कोणी हसेना.

"म्हणजे हरलात," वसंतराव खूश होऊन म्हणाले. "मग उद्या सकाळी आठला काट्यावर."

"थांब रे वसंता," सुमन म्हणाली. ती माझ्या हातांकडे बघत होती, फोडांकडे. "आपले बाबा पेन्शनीत आल्यावर खुर्चीत बसले ते आठवतंय ना? वर्षभरात गेले. दुखणं काही नव्हतं. नुसते बसून गेले. हे तसेच बसतील म्हणून मी भिऊन तुझ्यामागं लागले होते. चार महिने नदीकाठी बसलेलेच दिसत होते मला. काट्यावर तरी काय, बसायचंच की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पैज हरलात ना? सोमवारी कामावर जायचं ठरलंय. तर जायचं. कुठं ते तुम्हाला माहीत आहे. मीही येते, नाहीतर पुन्हा कोणाच्या ट्रकवर बसाल."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिची ही भीती मला एकदाही कळली नव्हती. करडे पक्षी मात्र मी रोज बघत होतो.

पुन्हा तेच गाव

सोमवारी सकाळच्या एसटीनं सुमन, सुभेदार आणि मी असे तिघं त्या गावाच्या फाट्यावर उतरलो. सांगलीचा गणपती, मिरजेची तंबोऱ्यांची दुकानं, हळदीचा बाजार, सगळं बघायचं राहिलं. ते वर्णन वाचायला ज्यांनी हा लेख उघडला असेल त्यांनी मला क्षमा करावी.

बापू पाटाच्या कडेला उभे होते. आम्हाला बघून त्यांनी फेटा काढला, पुन्हा घातला. आक्का बांधावरून उठून पुढं आल्या, माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आता पटलं बगा. तुमी खरंच सायेब न्हाई. सायेब कवा परत येत न्हाई."

बापूंनी एकदा आपल्या उसाकडे पाहिलं. मग त्यांनी कोयता मागवला. "ज्यानं यायाचं न्हाई त्योच आला म्हंजी आता विलाज न्हाई," म्हणत त्यांनी आपल्या उसाच्या कडेच्या दोन सऱ्या स्वतःच्या हातानं तोडल्या. तोडताना चेहरा असा, जणू दाढ उपटत आहेत. तो ऊस सगळ्या गावानं तिथंच सोलून खाल्ला आणि सगळ्यात जास्त बापूंनीच खाल्ला.

मंगळवारी सकाळी इंजीन लावलं. पाणी वळशावरून आलं, थोडं घुटमळलं आणि सरळ पुढं चालू लागलं. अकराव्या तुकड्यात ते शिरलं. आक्का हरभऱ्याच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मग त्यांनी एक खोरं माझ्या हातात दिलं. "हुबं का ऱ्हायलासा? पलीकडचं दारं धरा."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणं. अठ्ठावीस वर्षं मी कालव्यांवर काढली आणि दारं कधी धरलं नव्हतं. पहिल्या वाफ्याला माती फुटली. दुसऱ्याला पाणी शेजारच्या रानात गेलं. "आरं ए, तिकडं न्हवं, हिकडं!" आक्का ओरडल्या. "हातात बळ हाय का न्हाई?" बांधावर सुभेदार माझ्या वतीनं लाजत होते.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. मांडी घालताना मी कण्हलो. सुमननं विचारलं, "पाय दुखतायत?"

"पाय, पाठ, खांदे, सगळंच," मी म्हटलं.

"दुखू देत," ती म्हणाली, आणि न विचारता माझ्यापुढं आणखी एक भाकरी ठेवली.